हिऱ्याच्या बिलावर ‘एक नग’ लिहून कसं चालेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लग्नसराईच्या खरेदीवर लेख होता. सोन्याला दोन पानं आणि हिऱ्याला एक चौकट, त्यात कट, कलर, क्लॅरिटी, कॅरेट असे चार सी, खाली ‘सर्टिफिकेट बघून घ्या’ असा सल्ला, संपलं. मी मुंबईत पॉलिश हिऱ्यांच्या असॉर्टिंगला, म्हणजे प्रतवारी लावायला, बरीच वर्षं काम केलं, आधी ऑपेरा हाऊसला आणि २०१० मध्ये भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर बीकेसीला, त्यामुळे ती चौकट वाचून गप्प बसवलं नाही. चार सी चुकीचे नाहीत हो, पण नुसते तेवढे वाचले की माणसाला वाटतं सर्टिफिकेटवर ग्रेड आली म्हणजे किंमत ठरली, जसं सोन्यात बावीस कॅरेट म्हटलं की आजचा भाव गुणिले वजन. हिऱ्यात ग्रेड वेगळी आणि किंमत वेगळी, मधे बऱ्याच गोष्टी असतात, आणि त्या माहीत नसल्यामुळे साध्या नोकरदार घरांचे पैसे जातात, ते बघून जीव तुटतो. पत्र लांबलंय. सगळं छापता आलं नाही तर बिलाबद्दल जे लिहिलंय तेवढं तरी छापा.

वजनापासून सुरू करते. सोन्यात कॅरेट शुद्धतेचा असतो, हिऱ्यात वजनाचा. हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि एका कॅरेटचे शंभर सेंट, म्हणजे तीस सेंटचा खडा म्हणजे ०.३० कॅरेट. इथपर्यंत दुकानात सांगतात. पण कॅरेटमागचा भाव खड्याच्या आकाराप्रमाणे बदलतो हे फार कमी जण सांगतात. समजा एखाद्या ग्रेडच्या अर्ध्या कॅरेटच्या खड्याला कॅरेटमागे एक लाख भाव आहे, तर तो खडा पडला पन्नास हजाराला, आता त्याच ग्रेडचा पूर्ण एक कॅरेटचा खडा लाखाला मिळेल का तर नाही, कारण मोठा खडा दुर्मिळ, त्याचा कॅरेटमागचा भावच दुप्पट-अडीचपट असू शकतो. आणि हा भाव हळूहळू चढत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो, अर्धा कॅरेट, सत्तर सेंट, नव्वद सेंट, एक, दीड, दोन असे टप्पे आहेत. ०.९९ आणि १.०० या दोन खड्यांत नुसत्या डोळ्याला काडीचा फरक दिसत नाही पण भावात चांगलाच असतो. म्हणूनच ज्याला बोटात घालायचंय, विकायचं नाहीये, त्याने टप्प्याच्या थोडं खालचं वजन मागावं, पैसे वाचतात आणि अंगठी तशीच दिसते.

या उडीमुळेच कारखान्यात वजन वाचवायचा मोह होतो. खडा खालून जास्त खोल ठेवायचा, कडेचा पट्टा म्हणजे गर्डल जाड ठेवायचा, की ०.९४ व्हायचा तो १.०० भरतो. वजन कागदावर दिसतं पण वरून बघितलं तर खडा लहान दिसतो आणि उजेडही खालून गळून जातो. नीट कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. लॅबच्या रिपोर्टवर, म्हणजे ज्याला आपण सर्टिफिकेट म्हणतो त्यावर, मिलिमीटरमध्ये मापं दिलेली असतात आणि ती कुणीच वाचत नाही! वजन एक कॅरेट आणि व्यास ६.१ असेल तर तुम्ही न दिसणाऱ्या वजनाचे पैसे भरताय.

आणि जाहिरातीत ‘एक कॅरेटची डायमंड रिंग’ असं लिहिलेलं असतं तेव्हा विचारायचं की एक खडा एक कॅरेटचा आहे का सगळे मिळून एक कॅरेट. पाच-पाच सेंटचे वीस खडे मिळून पण एक कॅरेटच होतो, त्याची किंमत त्याच दर्जाच्या एका सिंगल खड्याच्या जवळपासही जात नाही. बारीक हिऱ्यांचा दागिना वाईट अजिबात नाही, उलट आपल्याकडे रोज वापरायला तोच बरा पडतो, फक्त त्याचे पैसे सॉलिटेअरच्या म्हणजे एकट्या मोठ्या खड्याच्या हिशोबाने देऊ नका.

आता रंग. डी पासून झेड पर्यंत अक्षरं आहेत, डी म्हणजे अगदी पाण्यासारखा रंगहीन आणि पुढे जाल तशी पिवळसर किंवा तपकिरी झाक वाढत जाते. ही पिवळी झाक बहुतेक वेळा हिऱ्यातल्या नायट्रोजनमुळे येते. सुरुवात ए पासून का नाही असं मला खूप जण विचारतात, तर जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेने १९५० च्या दशकात ही पद्धत आणली तेव्हा बाजारात ए, डबल ए, ट्रिपल ए असे शिक्के प्रत्येकजण आपापल्या मनाने मारत होता, त्या गोंधळाशी संबंध नको म्हणून त्यांनी डी पासून सुरू केलं. ग्रेड करताना खडा पालथा ठेवतात, टेबल म्हणजे वरचा मोठा सपाट पैलू खाली आणि टोक वर, कारण सुलट ठेवला की चमकेमुळे रंग लपतो. पांढऱ्या पट्टीत, ठराविक दिव्याखाली, शेजारी मास्टर स्टोन म्हणजे आधीच ग्रेड ठरवलेले नमुन्याचे खडे लावून बघतात. शेजारी नमुना लागतोच, दोन पांढरे सदरे वेगवेगळ्या दिवशी बघितले तर दोन्ही पांढरेच वाटतात, एका दोरीवर शेजारी वाळत घातले की कुठला पिवळा पडलाय ते कळतं, तसं आहे हे. आणि दुकानात काय असतं? काळं मखमल, वरून पांढरे भगभगीत स्पॉटलाइट, खडा सुलटा आणि वर दागिन्यात बसवलेला. अशा उजेडात ‘जे’ रंगाचा खडा पण चमकतो आणि ‘डी’ रंगाचा पण चमकतो. सुटा खडा घेत असाल तर बिनधास्त सांगा की मला पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून, दिव्यापासून लांब, खिडकीच्या उजेडात बघू द्या. चांगला सराफ हे आनंदाने करतो.

अजून एक सांगते, पिवळ्या सोन्यात खडा बसवायचा असेल तर डी-ई-एफचा हट्ट कशाला? सोन्याचीच पिवळी छटा खड्यात उतरते, तिथे एच, आय, जे सुद्धा छान दिसतात आणि भावात मोठा फरक पडतो. प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात असेल तर वरचा रंग घेण्यात अर्थ आहे.

रिपोर्टवर एक ओळ फ्लुरोसन्सची असते, ती दुकानात बहुतेक वेळा कुणी समजावतच नाही. काही हिरे अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात निळे चमकतात. नन, फेंट, मीडियम, स्ट्राँग, व्हेरी स्ट्राँग अशा पायऱ्या असतात. बाजारात डी-ई-एफ सारख्या वरच्या रंगात स्ट्राँग असेल तर भाव खाली येतो, कारण असे काही खडे उन्हात दुधाळ दिसतात, सगळे नाही. पण आय-जे-के रंगात तीच निळी चमक पिवळेपणा थोडा मारते आणि खडा बरा दिसतो. म्हणजे बघा, रिपोर्टवरचे चारही सी सारखे असलेले दोन खडे आणि भाव वेगळा, आणि तो फरक तुमच्या चौकटीत नसलेल्या पाचव्या ओळीमुळे.

क्लॅरिटीत तर हे जास्तच होतं. दहापट मोठं दाखवणाऱ्या लेन्समधून आतले डाग, पिसं, ढग, काळे ठिपके बघतात, त्यांचा आकार, संख्या, जागा, रंग धरून ग्रेड देतात. अगदी वर फ्लॉलेस म्हणजे निर्दोष, मग डाग वाढत जातील तसं आयएफ, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, आणि शेवटी आय, त्यातल्या वन, टू अशा पायऱ्या धरून एकूण अकरा ग्रेड. व्हीएसपर्यंत नुसत्या डोळ्याला साधारण काही दिसत नाही, व्हीव्हीएसमधलं तर आम्हालासुद्धा ती लेन्स म्हणजे आयग्लास लावून खडा फिरवत फिरवत शोधावं लागायचं. मग गळ्यातल्या पेंडंटला व्हीव्हीएस कशाला हवंय? ते हौसेचे पैसे आहेत, असतील तर जरूर द्या, पण चमक त्याने वाढत नाही. खरी मेख एसआयमध्ये आहे. एका एसआय खड्यात पांढरं पीस कडेला असतं जे सेटिंगच्या दाताखाली झाकलं जातं, दुसऱ्यात काळा ठिपका बरोब्बर टेबलच्या मधोमध असतो, दोघांनाही रिपोर्टवर एसआय वनच लिहिलेलं. बाजारात दलाल दुसऱ्याला हात लावताना लगेच भाव पाडतो. दुकानात गिऱ्हाईकाला दोघांचा भाव एकच सांगतात कारण ‘ग्रेड सेम आहे ना मॅडम’.

कट ही एकच गोष्ट माणसाच्या हातातली, बाकी तीन जमिनीतून येतानाच बऱ्याचशा ठरलेल्या असतात. आणि माझं स्पष्ट मत आहे की पैसे कमी असतील तर रंग खाली उतरवा, क्लॅरिटी खाली उतरवा, वजन कमी करा, पण कट खाली उतरवू नका. १९१९ मध्ये मार्सेल टॉल्कोव्हस्कीने गोल हिऱ्याचे कोन गणिताने मांडले, वरचा कोन साधारण ३४.५ अंश आणि खालचा ४०.७५, म्हणजे आत गेलेला उजेड खालच्या पैलूंवरून उलटून परत डोळ्याकडे येतो. खाली जास्त उथळ किंवा जास्त खोल गेलं की तो उजेड दुसरीकडेच निघून जातो आणि खडा मधोमध काळा किंवा मेलेला दिसतो. जीआयएने गोल हिऱ्याला कटची ग्रेड द्यायला २००६ मध्ये सुरुवात केली. तेव्हा त्याआधीचा जुना रिपोर्ट कुणी दाखवला तर त्यात कटची ग्रेडच नसणार, आणि पानाच्या, बदामाच्या, चौकोनी आकारातल्या कित्येक हिऱ्यांच्या रिपोर्टवर पॉलिश आणि सिमेट्रीला ‘एक्सलंट’ लिहिलेलं असतं, ते बघून लोकांना वाटतं कटच एक्सलंट आहे. पॉलिश म्हणजे पैलू किती गुळगुळीत, सिमेट्री म्हणजे किती सारखे. उजेड नीट परत येतो का हा प्रश्न वेगळाच राहतो.

वजन मोठं की कट मोठा हा वाद किती जुना आहे त्याला आपल्याच नाशिकचा हिरा साक्ष आहे. त्र्यंबकेश्वरच्या देवळातला म्हणून ओळखला जाणारा ‘नासक’ हिरा, १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांकडून तो इंग्रजांच्या हाती गेला आणि लंडनला पोचला. तेव्हा त्याचं वजन नव्वद कॅरेटच्या आसपास होतं. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांची पद्धत वजन राखायची, दगड जसा मिळाला त्या अंगाने पैलू पाडायचे. लंडनच्या जवाहिऱ्यांनी तो परत कापला पण हात राखून, ऐंशीच्या आसपास ठेवला. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो घेतला आणि चमकेसाठी सरळ निम्म्यावर आणला, आज तो ४३.३८ कॅरेटचा आहे. कोहिनूरचं पण तेच, १८५२ मध्ये कापल्यावर आजच्या कॅरेटमध्ये १९१ चा १०५.६ उरला. मला व्यक्तिशः नासक असा निम्मा केलेला बघून वाईट वाटतं, देवळातला इतिहास होता तो, पण बाजाराने कशाला किंमत दिली ते यातून कळतं.

आता सर्टिफिकेट. मुळात लॅब देते तो ग्रेडिंग रिपोर्ट असतो, त्या त्या दिवशी, त्या पद्धतीने, दोन किंवा जास्त तज्ज्ञांनी मालकाचं नाव न बघता दिलेलं मत. जीआयएच्या रिपोर्टवर तर स्वच्छ लिहिलेलं असतं की ही हमी नाही आणि हे मूल्यांकनही नाही, त्यावर किंमत कुठेच नसते. मशीन आता खूप आलीत, मापं तर मशीनच घेतं, तरी रंग आणि क्लॅरिटीत माणसाच्या डोळ्याचा भाग मोठा आहे, एक पायरी इकडेतिकडे होऊ शकते. आणि सगळ्या लॅब सारख्या कडक नसतात. २०१४ मध्ये रॅपनेट या हिऱ्यांच्या मोठ्या ऑनलाइन बाजाराने ईजीएल नावाच्या लॅबचे रिपोर्ट असलेले हिरे काढून टाकले, कारण ग्रेड सैल दिल्या जातात अशी तक्रार होती. खुद्द जीआयएच्या न्यूयॉर्क लॅबमध्ये २००५ मध्ये ग्रेड वाढवून दिल्याचं प्रकरण झालं आणि लोकांना कामावरून काढलं गेलं. म्हणून आमच्याकडे कुठलाही दलाल ‘जी व्हीएस वन’, म्हणजे रंग जी आणि क्लॅरिटी व्हीएस वन, म्हणाला की पहिला प्रश्न असायचा, कुणाचा? कुठल्या लॅबचा ते कळल्याशिवाय त्या अक्षरांना किंमतच नाही. गिऱ्हाईकाने पण हाच प्रश्न पहिला विचारायला हवा.

त्यातून आपल्याकडे बहुतेक लोक सुटा खडा घेतच नाहीत. मंगळसूत्राचं पेंडंट, टॉप्स, चमकी, नेकलेस सेट, हेच घेतात. त्याबरोबर मिळतं ते प्लास्टिकचं कार्ड, त्यावर सगळ्या खड्यांना मिळून एकच ग्रेड, ‘व्हीएस-एसआय, जी-एच’ अशी. दागिन्यात बसवलेल्या खड्याचं खालचं अंग दिसत नाही, सुटं वजन करता येत नाही, त्यामुळे सेटिंग जेवढं बघू देईल तेवढ्यावर ती ग्रेड असते. कारखान्यात असे बारीक हिरे चाळणीने मापाप्रमाणे वेगळे करतात, मग रंगाचे ढीग, मग क्लॅरिटीचे ढीग, आणि भाव अख्ख्या पाकिटाचा लागतो. म्हणजे ‘व्हीएस-एसआय’मध्ये किती व्हीएस आणि किती एसआय याचं उत्तर त्या कार्डावर नसतं. कार्ड फेकून द्या असं मी म्हणत नाही, चांगल्या लॅबचं कार्ड जपूनच ठेवा, पण सॉलिटेअरचा रिपोर्ट आणि हे कार्ड एकाच पारड्यात तोलू नका.

किंमत कशी निघते तर होलसेलमध्ये सुट्या हिऱ्याला रॅपापोर्ट या कंपनीची भावांची लिस्ट धरतात, १९७८ पासून निघते, दर आठवड्याला, डॉलरमध्ये, आकार-रंग-क्लॅरिटीचे चौकोन केलेले असतात. आम्ही नुसतं ‘रॅप’ म्हणायचो. पण सौदा बहुतेक वेळा त्या आकड्यावर होत नाही, त्याच्या इतके टक्के खाली असा होतो, आणि ते टक्के ठरतात कटवर, फ्लुरोसन्सवर, डाग कुठे आहे त्यावर, त्या महिन्यात त्या मापाला मागणी आहे का त्यावर, उधारी किती दिवसांची त्यावर. मग त्याच्यावर दुकानाचं भाडं, जाहिरात, नफा, घडणावळ, जीएसटी. सोन्याचा भाव रोज तुमच्या पेपरात पहिल्या पानावर असतो म्हणून सराफाला त्यात फार इकडेतिकडे करता येत नाही, हिऱ्याचा असा एक भाव छापताच येणार नाही, आणि गिऱ्हाईक तिथेच उघडं पडतं.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींनी मुलाच्या शिक्षणासाठी हिऱ्याचा सेट मोडायला काढला. ज्या दुकानातून घेतला त्यांनी रोख द्यायला नकार दिला, बदली दागिना घ्या म्हणाले, दुसऱ्या दुकानात गेल्या तर तिथे खड्याला भावच देईनात, फक्त सोन्याचे बोलले. मी बिल बघायला मागितलं. त्यावर लिहिलं होतं ‘डायमंड सेट, १ नग’ आणि पुढे एक गोल आकडा. खडे किती, वजन किती, कॅरेटमागे काय दर लावला, सोनं निव्वळ किती, घडणावळ किती, काही काही नाही. आता त्या माऊलीने भांडायचं कशाच्या जोरावर? हिरे चांगले होते, मी स्वतः आयग्लास लावून बघितले, फसवणूक मालात नव्हती. पण कागदावर काहीच नसल्यामुळे त्यांच्या हातात काही उरलं नाही, शेवटी सोन्याच्या पैशात काम भागवावं लागलं.

इथे हॉलमार्कचा गैरसमज पण काढायला हवा. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सोन्याला हॉलमार्क सक्तीचा झाला, सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक आला, फार चांगलं झालं. पण हिऱ्याच्या अंगठीवर ७५० चा हॉलमार्क असला तर तो फक्त सोन्याचा, अठरा कॅरेटचा. त्या शिक्क्याचा खड्याशी काहीही संबंध नाही. बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो, त्यांच्या बीआयएस केअर अॅपवर नंबर टाकून ‘डायमंड पण सरकारी चेक झालाय’ असं समजणारी माणसं मी बघितलीत. आणि सोनेतारण कर्जाला गेलात तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे फक्त सोन्याचीच किंमत धरतात, खड्याची शून्य. तेव्हा अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून हिरा घेणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं. हिरा आवडतो म्हणून घ्या, सुंदर वस्तू आहे, पण सोन्यासारखी गुंतवणूक म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

लॅबग्रोन म्हणजे जमिनीतून न काढता लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्याबद्दल तुमच्या लेखात एक अक्षर नव्हतं, याचं जास्त आश्चर्य वाटलं. एचपीएचटी म्हणजे प्रचंड दाब-उष्णतेत आणि सीव्हीडी म्हणजे वायूतून थर चढवून, अशा दोन पद्धतींनी बनवलेला हिरा हा काचेचा किंवा अमेरिकन डायमंड नाही, तो खरोखर हिराच, तोच कार्बन, तीच कडकपणाची पायरी. नुसत्या डोळ्याने किंवा आयग्लासने मला काय, कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, त्याला लॅबमधली मशीनं लागतात. दुकानात पेनासारखं टेस्टर लावून ‘बघा, बीप झालं, ओरिजिनल’ म्हणतात ते फक्त उष्णता किती पटकन वाहते ते बघतं, लॅबग्रोनला पण तसंच वाजतं. किंमतीत मात्र जमीन-अस्मान. डी बिअर्स या हिऱ्यांच्या खाणींच्या मोठ्या कंपनीने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने लॅबग्रोन कॅरेटला ८०० डॉलरने विकायला काढले तेव्हा बाजार हादरला होता, त्यानंतर भाव इतके कोसळले की २०२५ मध्ये त्यांनी तो ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि ऑक्टोबर २०२५ पासून जीआयए लॅबग्रोनला डी-ई-एफ, व्हीव्हीएस अशा ग्रेड देत नाही, प्रीमियम आणि स्टँडर्ड एवढंच, कारण बहुतेक माल वरच्याच दोन-चार ग्रेडमध्ये येतो, जमिनीतल्या दुर्मिळपणासाठी केलेली मोजपट्टी तिथे लागू पडत नाही. दुसऱ्या लॅबचे जुन्या पद्धतीचे रिपोर्ट बाजारात आहेत. म्हणून नुसतं ‘ई व्हीव्हीएस टू, सर्टिफाइड’ ऐकून हुरळू नका, नैसर्गिक का लॅबग्रोन हा शब्द कागदावर शोधा. सुरतेत हजारो हात या कामाला लागलेत, माझा लॅबग्रोनला विरोध नाही, ज्या मुलीला मोठा खडा घालायचाय आणि बजेट नाही तिने खुशाल घ्यावा. फक्त लॅबग्रोनच्या भावाने घ्यावा, आणि परत विकताना काय मिळेल ते आधी विचारून.

आता बिल. माझी ग्राहक व्यवहार खात्याला आणि बीआयएसला विनंती आहे, आणि तुम्ही ती लावून धरावी म्हणूनच हे सगळं लिहिलं, की हिऱ्याच्या दागिन्याचं बिल सुटं सुटं असणं सक्तीचं करा. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि शुद्धता लिहावीच लागते, मग खड्यांनी काय घोडं मारलंय? एकूण वजन, त्यातून खड्याचं वजन वजा करून सोनं किती, उदाहरणार्थ दागिना ८.४ ग्रॅम आणि खडे दीड कॅरेट असतील तर खड्यांचे ०.३ ग्रॅम वजा जाऊन सोनं ८.१ ग्रॅम, हा हिशोब समोर करून दाखवायला दोन मिनिटं लागतात. खडे किती नग, एकूण किती कॅरेट, कॅरेटमागे काय दर, नैसर्गिक का लॅबग्रोन, लॅबचं नाव आणि रिपोर्ट नंबर, घडणावळ वेगळी, आणि परत घेताना हिऱ्याच्या रकमेचे किती टक्के देणार, रोख का बदली, हे पण बिलावरच, सेल्समनच्या तोंडी नाही. नियम होईल तेव्हा होईल, गिऱ्हाईकाने आजपासून मागितलं तर कोण अडवतंय? पैसे भरायच्या आधी मागा, नंतर कुणी लिहून देत नाही. मोठा खडा असेल तर रिपोर्ट नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकून वजन आणि मापं जुळतात का बघा, कित्येक खड्यांच्या गर्डलवर तोच नंबर लेझरने कोरलेला असतो, दुकानात आयग्लास असतोच, दाखवा म्हणायचं.

कित्येक सराफ हे सगळं न मागता लिहून देतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि सुट्या बिलाने त्यांचं नुकसान नाही, फायदाच आहे.

तुमच्याकडून एक मागणं. महिन्यातून एकदा तरी एखाद्या खऱ्या रिपोर्टची प्रत, नाव-नंबर झाकून, छापा आणि त्यातली एकेक ओळ कुणा जाणकाराकडून समजावून द्या. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी तर नक्की.

आणि ज्यांच्या घरी आजीच्या हिऱ्याच्या कुड्या किंवा जुनी नथ आहे त्यांना एक कळकळीचं सांगणं. त्यातले खडे हाताने कापलेले असतात, टेबल लहान, वर उंच, आताच्या मशीनच्या कटसारखे लखलखत नाहीत म्हणून दुकानात ‘जुना माल’ म्हणून सोन्याच्या वजनावर घ्यायला बघतात. तसे खडे आवडीने शोधणारे लोक आहेत, त्यांना वेगळा भाव मिळू शकतो. एक्सचेंजला टाकायच्या आधी खडे आपल्या डोळ्यासमोर काढून घ्या, सुटं वजन करून लिहून घ्या, मोठा असेल तर लॅबमध्ये द्या, आणि मगच मोडायचं का ते घरी बसून ठरवा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)